हातगुण

निमोण्याच्या वस्त्यांवर कुणाचं पोट दुखायला लागलं की आधी नाव निघायचं भामाबाईचं, डॉक्टरचं त्यानंतर. बेंबी सरकलेली असो, नळ भरलेले असोत, नाही तर लग्नातलं जेवण अंगावर आलेलं असो, भामाबाई वाटीत एरंडेल कोमट करायची, डोळे मिटायची आणि पोटावर अंगठा फिरवायला लागायची. मिटल्या डोळ्यांनी ती आत काय बघायची ते तिचं तिला ठाऊक. पण कळवळत आलेलं माणूस उठून चालत जायचं. पैसा घेत नसे. कुणी नारळ ठेवला तर ठेवला. बाया म्हणायच्या, "हाताला गुण हाय बाईच्या." ते ऐकताना भामाबाई मान खाली घालायची, पण कान मात्र उघडे ठेवायची.

ही विद्या तिला सासूनं, रतनबाईनं दिलेली. रतनबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. आज या रानात तर उद्या त्या, मेंढरांचा वाडा बसेल तिथं घर. तिथं डॉक्टर कुठला यायला? अडलेली मेंढी सोडवणारे हातच माणसाचंही बघायचे. भामाबाई लग्न होऊन आली तेव्हाही वाडा फिरताच होता. पुढं पाटाचं पाणी आलं, दोन एकर रान झालं, पत्र्याचं घर झालं, पोरगा सुरज कंपनीत लागला. मेंढरं उरली वीस-बावीस, ती म्हाताऱ्यासाठी. तात्याबाला मेंढरं विकून टाका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखं होतं. मेंढरं राहिली म्हणून कुत्रं राहिलं. हरण्या त्याचं नाव, आणि नावाला शोभेल असाच होता. नात स्वप्नालीनं त्याला पिल्लू असल्यापासून सांभाळलेलं. अर्धी भाकरी तिची, अर्धी त्याची. घोंगडीही दोघांत एकच.

पौषात कांद्याची लागण निघाली. मजूर कुठं मिळतंय? सगळ्यांची लागण एकाच वेळी, आणि बाया ज्याच्याकडं टेम्पो त्याच्याकडं. शेवटी भामाबाई आणि सून रुपाली, दोघीच वाफ्यात उतरल्या. गार पाण्यात पाय, पाठीवर ऊन, कंबर अशी वाकलेली की सरळ करताना तोंडातून आवाज निघावा. शाळा सुटली की स्वप्नाली रोपाच्या पेंढ्या पोचवायची. पाचवीतलं पोर, पण हाताला चपळ. एका दुपारी मात्र ती पेंढी बांधावर टाकून खालीच बसली.

"आज्जे, पोट दुखतंय."

"सकाळी काय खाल्लं हुतं?"

"रोजचंच. हितं दुखतंय." तिनं उजवी बरगडी दाखवली.

रुपाली वाफ्यातून तशीच चिखलाच्या हातांनी वर आली. "आत्याबाई, पंधरा दिस झालं ती म्हणतीय. जेवत बी न्हाई नीट. शिरूरला दाखवू का?"

"पोटाला शिरूर कशाला गं?" भामाबाई हसली. "मी काय मेले व्हय? कांदा पुरा हुंदे. तवर मी बघते."

रुपाली परत वाफ्यात उतरली. पोट या विषयात त्या घरात सासूपुढं बोलायची रीत नव्हती.

संध्याकाळी पोरीला बाजेवर उताणी निजवून भामाबाईनं डोळे मिटले. बरगडीखाली अंगठा गेला आणि थांबला. गोळा होता, गोल आणि ताठ. वायगोळा असता तर बोटाखालून निसटला असता, हा जागचा हलत नव्हता. इतक्या वर्षांत असा गोळा तिच्या हाताला एकदाच लागला होता. कधी लागला होता ते तिनं आठवून बघितलं नाही. आठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं की नाही, कुणी सांगावं?

"जुना गोळा हाय," ती म्हणाली. "बसवाया लागंल."

मग रोज दिवेलागणीला चोळणं सुरू झालं. पोरगी आजीच्या हाताखाली सुखानं पडून राहायची, हरण्या बाजेखाली. तात्याबा दारात बसून सांगायचा, "मेंढरांच्या जंताचं औषध हाय घरात, चमचाभर पाजू का?" त्यावर रुपालीनं एवढे मोठे डोळे केले की म्हातारा उठून गोठ्याकडं गेला. "शाळंत गोळी दिली की जंताची," ती पाठमोऱ्या सासऱ्याला म्हणाली, "मेंढराचं पाजायला ती काय कोकरू हाय का?"

लागण उरकली त्या दिवशी भामाबाईच्या अंगात जोर आला. आज गोळा बसवायचाच म्हणून तिनं दोन्ही अंगठे जोडून नेट लावला. पोरगी ओरडली. भामाबाई म्हणाली, "सोस, बाळ, जराकसं." आणि एकदम तिच्या हाताखालचा ताठपणा गेला. जागा मऊ लागली.

"बसला!" भामाबाई आनंदानं ओरडली. "बघ रुपाली, बसला!"

रुपाली चुलीवरून उठून आली तोवर पोरीच्या पोटावर गांधी उठल्या होत्या. बघता बघता त्या छातीवर गेल्या, मानेवर गेल्या. ओठ सुजले. "आई, खाजतंय," म्हणता म्हणता तिला धाप लागली.

"पित्त उठलंय," भामाबाई म्हणाली. "आमसूल आण, आमसूल चोळू."

पण रुपालीनं आमसूल आणलं नाही. तिनं सुरजला हाक मारली, आणि त्या हाकेत असं काही होतं की तो अर्धं जेवण टाकून गाडी काढायला धावला. मध्ये पोरगी, मागं रुपाली, अशी गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. आमसूल भिजवलेली वाटी हातात घेऊन भामाबाई अंगणात उभी राहिली. हरण्या गाडीमागं पळत गेला आणि बऱ्याच वेळानं जीभ काढून परत आला.

न्हावऱ्याच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून पोर वाचली. तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि तो तसाच मागं घेतला. "शिरूरला न्या, सोनोग्राफी करा," एवढंच म्हणाले.

शिरूरला सगळेच गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं संथ. समोर काळ्या-पांढऱ्या फोटोची पट्टी धरून त्या म्हणाल्या, "हिच्या लिव्हरमध्ये मोठी पाण्याची गाठ आहे."

सुरजनं मान हलवली, पण ती नुसतीच कंपनीतली मान होती; साहेब काही बोलला की हलवायची. तात्याबानं विचारलं, "म्हंजी कुठं?"

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "तुम्ही मेंढरं पाळता ना? मेंढराचं काळीज असतं, तेच. माणसालाही असतं. त्याच्यात."

काळीज म्हटल्यावर तात्याबा एकदम ओळखीच्या रानात आला. मेंढराच्या काळजातलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मेंढरू कापल्यावर काळजावर पाण्याचे फुगे बघितलेत कधी, बाबा?"

"बघितलं की! लई येळा. पांढरं फुगं असत्यात, सुरी लावली की चिळकांडी उडती. म्हाताऱ्या मेंढरात तर हमखास."

"मग तसलं काळीज काय करता?"

"आमी न्हाई खात तसलं," तात्याबा अभिमानानं म्हणाला. "कुत्र्याला घालतो."

बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "तिथंच सगळं आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "कुत्रं ते फुगे खातं. त्याच्या आतड्यात त्याचे बारके जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही, ते आपलं पळत असतं. पण जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून पडतात, अंगाच्या केसांना लागतात. पोरीनं कुत्र्याला कुरवाळलं, त्याच हातानं भाकरी खाल्ली, की अंडी पोटात. तिथून काळजात. मेंढराला जो फुगा होतो तोच हिला झालाय. काही वर्षं वाढत असणार."

भामाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. मेंढरू कुणीही कापो, काळीज बघून चांगलं आणि वाईट निवडायचं काम तिचं. वाईट ते हरण्याच्या पुढं. त्याच्या आधीच्या कुत्र्याच्या पुढं, आणि त्याच्याही आधीच्या. कुत्र्याचा वाटा काढल्याशिवाय त्या घरात कालवणाला फोडणी पडत नसे. देवाचं जनावर, मेंढरं राखणारं, त्याला आधी. यात पाप आहे असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

"पण शाळंत तर जंताची गोळी दिल्याली," सुरज म्हणाला.

"ती आतड्यातल्या जंतांची, एकदाच घ्यायची. चांगलीच आहे, ती चुकवू नका. पण ही गाठ तेवढ्यानं जात नाही. हिला रोज गोळ्या, तुपाच्या जेवणाबरोबर, म्हणजे अंगी लागतील. मधून मधून रक्त तपासायचं. आणि पुण्याला ऑपरेशन." मग त्यांनी विचारलं, "एक सांगा. पोट कुणी दाबलं होतं का? चोळलं होतं?"

सुरज जमिनीकडं बघत होता. रुपाली खिडकीकडं. तात्याबा टोपी काढून परत घालत होता.

तपासायच्या टेबलावरून स्वप्नालीच म्हणाली, "आज्जी चोळती. रोज. लई बरं वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी दाराजवळ बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भामाबाईला नंतर कितीदा वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, आता नका चोळू. गाठ आत गळलीय. म्हणून गांधी उठल्या, श्वास लागला. ते पाणी पोटात जिथं सांडेल तिथं नवी गाठ धरू शकते."

घरी येताना सगळ्यांनी एसटी धरली. भामाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि ते तिला जड लागत होते, कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. आणि तेव्हा तिला मच्छिंद्र आठवला. तिचा धाकटा दीर. मिसरूड फुटलेलं, दिसायला देखणं पोर. वाडा दौंडच्या अंगाला भीमेकाठी होता. त्याच्या बरगडीखाली असाच गोळा आला. रतनबाईनं चोळला, आणि सुनेचा हात धरून तिलाही दाखवला, "बघ, असा लागतो जुना गोळा." एका पहाटे त्याच्या सर्वांगाला गांधी उठल्या, आणि उजाडायच्या आत पोर गेलं. सगळे म्हणाले करणी झाली. रतनबाई मरेपर्यंत त्या करणी करणारीला शिव्या घालत होती. सासूनं दिलेल्या हातात काय काय आलं होतं ते भामाबाईला एसटीच्या त्या बाकावर समजलं. सांगणार कुणाला? रतनबाई कधीच मातीआड झाली होती.

घरी पोचल्यावर रुपालीनं एकच काम केलं. कोनाड्यातली एरंडेलाची बाटली काढली, उकिरड्यावर नेऊन उपडी केली आणि येऊन हात साबणानं धुतले. सासूला ती एक शब्दही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. शिव्या दिल्या असत्या तर भामाबाईनं पदर पसरून घेतल्या असत्या.

सुरज कुत्रं सोडून द्यायला निघाला होता. स्वप्नालीनं हंबरडा फोडला, आणि तात्याबा काठी घेऊन आडवा आला. "पिढ्यान् पिढ्या कुत्री पाळली आमी! कुणाला काय झालं?"

"मच्छिंद्राला झालं," भामाबाई म्हणाली.

तात्याबाची काठी तशीच राहिली. पाठच्या भावाचं नाव त्या घरात वर्षानुवर्षं कुणी घेतलं नव्हतं. तो बायकोकडं बघत राहिला, मग काठी भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसला.

जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, कुत्रं हाकलून काय होणार, ते दुसऱ्याच्या दारात जाईल. त्याला गोळ्या द्या, ठरल्या वेळेला देत राहा, कच्चं काळीज-फुप्फुस पुन्हा तोंडाला लावू देऊ नका, घाण खोल पुरा, आणि हात धुवा. मेंढरांना औषध पाजलं जायचं, पोरांना शाळेत गोळी मिळायची. सगळ्यांच्या मध्ये झोपणारं कुत्रं तेवढं राहून गेलं होतं. हरण्याला गोठ्यापलीकडं साखळी पडली. गोळी दिल्यावर त्याची घाण भामाबाई स्वतः खोऱ्यानं उचलायची आणि खड्ड्यात पुरायची. शेजारची झुंबरबाई बांधावरून हसली, "काय गं भामाबाई, आता कुत्र्याचं बाळंतपण का?" एरवी भामाबाईनं तिला तिथंच गाडली असती. त्या दिवशी ती निमूट खड्डा बुजवत राहिली.

गोळ्यांचा पहिला कोर्स पुरा होऊन पुण्याला नंबर लागला तोवर कांदा काढणीला येऊन त्याच्या माना पडायला लागल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात एकामागून एक शिकाऊ डॉक्टर यायचे, चादर वर करायचे, आणि जो तो विचारायचा, "दाबलं होतं कुणी?" सुरज दर वेळी सांगायचा, "आजीनं." तो रागानं नाही सांगायचा, नाव-गाव सांगावं तसं सांगायचा. भामाबाई बाहेर जिन्यात बसलेली असे, तिथपर्यंत ते ऐकू यायचं.

ऑपरेशन झालं. मोठी गाठ निघाली. पण मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आतड्याच्या पडद्यावर बारक्या गाठी विखुरल्यात. दिसल्या तेवढ्या काढल्या. न दिसलेल्यांचं सांगता येत नाही. गोळ्या चालू ठेवा, दर काही महिन्यांनी सोनोग्राफी करू. कदाचित पुन्हा उघडावं लागेल. कदाचित नाही."

"चोळल्यानंच झालं का ते?" रुपालीनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"त्यानं होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले.

रुपालीनं मान हलवली आणि ती पोरीजवळ आत गेली.

पोर घरी आली तसा तात्याबा बोललेला नवस फेडायचा म्हणाला. बिरोबाला एडका कबूल केला होता. देवाचं देणं ठेवून कसं चालेल? चार घरचे भाऊबंद जमले. पुतण्या रोहिदासनं एडका कापला, सोलला आणि काळीज ताटात काढलं. त्याच्या एका कडेला दोन फुगे होते, पांढुरके, ताठ. भामाबाई बघतच राहिली. असले फुगे जन्मभर बघितले होते, पण आज त्यांच्याखाली तिला बरगडी दिसत होती.

रोहिदासनं तेवढा तुकडा कापला आणि सवयीनं हात उगारला. साखळीला हिसके देत हरण्या उभा राहिला, शेपूट हलवत.

"आरं थांब!" भामाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"वाटा हाय त्याचा, चुलते!"

"त्याचा वाटा मी शिजवून घालीन. ह्यो दे हिकडं."

"देवाच्या कुत्र्याला शिजवून? आता काय ताट-पाट मांडायचा का?" जमलेल्यांत हसू फुटलं. एक जण म्हणाला, "म्हातारीला पुण्याचं वारं लागलं." दुसरा हलक्या आवाजात म्हणाला, पण ऐकू जाईल इतपत, "नातीचं पोट फोडलं, आता शाणपण शिकवतीया."

तात्याबा उठला. आता हा काय बोलतो म्हणून सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं रोहिदासच्या हातातून तो तुकडा घेतला, बायकोच्या ताटात टाकला आणि एवढंच म्हणाला, "दे तिला. जाळंल ती."

भामाबाईनं तीन दगडांच्या चुलीत तो तुकडा टाकला. फुगा फुटला, पाणी सणसणलं, धूर डोळ्यांत गेला. काळा कोळसा होऊन राख होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिनं हात धुतले. साबण लावून, नखांत घासून, पुन्हा पुन्हा. हरण्यासमोर शिजलेले तुकडे ठेवले. त्यानं वास घेतला, तिच्याकडं बघितलं आणि खाल्ले. कुत्र्याचं काय, त्यानं काहीच मनात धरलं नव्हतं.

पाहुणे पांगले. स्वप्नाली ओसरीत बाजेवर पडली होती. परकराच्या नाडीच्या वर टाक्यांची रेघ अजून तांबडी होती. चुलीजवळ रुपाली तिच्या गोळीसाठी भाकरीला तूप लावत होती.

"आज्जे," पोरीनं हाक मारली.

"काय गं, बाळ?"

"पोट दुखतंय. हितं, खाली. हात फिरव ना."

रुपालीचा तुपाचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही, पण ती ऐकत होती. भामाबाई बाजेच्या कडेला बसली. पोरीनं बोट कुठं ठेवलंय ते तिला बघायचं नव्हतं, तरी तिनं बघितलं. बेंबीच्या डाव्या अंगाला, जुन्या जागेपासून लांब. नवी जागा. नुसता अंगठा टेकला असता तर आत काय आहे ते तिला कळलं असतं. उभ्या मुलखात तिच्याइतकं कुणाला कळलं नसतं.

तिनं दोन्ही हात पुढं केले आणि पोरीचे पाय मांडीवर ओढून घेतले. तळवे दाबायला लागली.

"पाय न्हाई गं," स्वप्नाली कुरकुरली. "पोट. तुजा हात फिरला की बरं वाटतं."

"व्हय, बाळ," भामाबाई म्हणाली. "उद्या शिरूरला जाऊ." आणि ती पायच दाबत राहिली.